पापनिवेदनाविना प्रसाद

युद्धांची कारणे शोधताना इतिहासकार तह, सीमा, कर्जे आणि सैन्यबळ यांचा हिशेब मांडतात, आणि ते योग्यच आहे. परंतु युगोस्लाव्हिया मोडत असताना १९९१ ते १९९९ या काळात बाल्कन प्रदेशात जी युद्धे पेटली, त्यांकडे पाहताना एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. सारायेव्होला वेढा घालणाऱ्या बोस्नियन सर्बांचा नेता रादोव्हान काराजिच हा पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण त्याचे काव्यसंग्रहही प्रसिद्ध झालेले होते. त्याचा सहकारी व पुढे उपाध्यक्ष झालेला निकोला कोल्येविच हा सारायेव्हो विद्यापीठात शेक्सपिअर शिकवणारा प्राध्यापक. १९९२ साली उरलेल्या युगोस्लाव्हियाच्या राष्ट्राध्यक्षपदी बसले ते दोब्रित्सा चोसिच हे सर्बियाचे अग्रगण्य कादंबरीकार. बेलग्रेडमधील विरोधकांचे पुढारी वुक द्राश्कोविच हेही कादंबरीकारच. लेखणी धरणारे इतके हात रणांगणाच्या इतक्या निकट क्वचितच आले असतील. तेव्हा या युद्धांची झडती घ्यायची तर ती वाङ्मयाच्या दालनातही घेतली पाहिजे. मूळ भाषा आम्हांस येत नाही. इंग्रजी अनुवादांच्या आधारे आम्ही हे लिहीत आहोत, एवढी मर्यादा वाचकांनी लक्षात ठेवावी.

या वाङ्मयाचा उगम एका पराभवाच्या आठवणीत आहे. २८ जून १३८९ रोजी, संत व्हायटसच्या सणादिवशी, कोसोव्होच्या मैदानावर सर्बियन राजा लाझार आणि तुर्की सुलतान मुराद यांची सैन्ये भिडली. दोघेही त्या दिवशी मारले गेले. लढाईचा निकाल नेमका काय लागला याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. सर्बियन राज्य त्यानंतरही तग धरून होते. ते संपले १४५९ साली. मधल्या काळात लाझारचा पुत्र स्तेफान हा सुलतानाचा मांडलिक झाला, कन्या ओलिवेरा नव्या सुलतानाच्या जनानखान्यात गेली आणि १४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत स्तेफान सुलतानाच्याच बाजूने लढला. इतिहास हा असा गुंतागुंतीचा असतो. लोकगीतांना ही गुंतागुंत मानवत नाही.

ही लोकगीते अंध शाहीर गुसले नावाच्या एकतारी वाद्यावर गात असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वुक काराजिच या विद्वानाने ती संकलित केली आणि याकोब ग्रिम व गटे यांच्यासारख्यांनी त्यांचे तोंडभरून कौतुक केले. ते अस्थानी नव्हते. त्यांतल्या एका गीतात जेरुसलेमहून एक ससाणा उडत येतो व पवित्र मातेचे पत्र राजाला देतो: तुला पृथ्वीवरचे राज्य हवे की स्वर्गातले? राजा स्वर्गातले निवडतो, आणि म्हणून हरतो. दुसऱ्या एका गीतात लढाईनंतरच्या सकाळी एक कुमारी रणभूमीवर येते. तिच्यापाशी पाणी, द्राक्षारस आणि भाकर आहे. आपला नियोजित वर शोधीत ती जखमींना धुते, पाजते, भरवते. वीरांच्या आरोळ्यांपेक्षा ही अबोल मुलगी आम्हांस अधिक काळ आठवत राहिली.

मात्र या गीतमालेत आणखी एक प्रसंग आहे, आणि आमचा खरा आक्षेप तेथून सुरू होतो. लढाईच्या आदल्या रात्री राजा आपल्या सरदारांसह भोजनास बसतो व त्यांच्यापैकी एक जण उद्या आपला घात करील असे जाहीर करतो. ही चौकट कोठून आली हे ख्रिस्ती वाचकाला सांगावे लागत नाही. राजाला संशय मिलोश ओबिलिचवर. तो स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी दुसऱ्या दिवशी सुलतानाला ठार मारतो. खरा घातकी ठरतो वुक ब्रान्कोविच, म्हणजे या कथेतील यूदा. वास्तविक हा ब्रान्कोविच लढाईनंतर काही वर्षे तुर्कांपुढे न नमलेला सरदार होता. त्याच्यावरचा आरोप १६०१ साली ओर्बिनी नावाच्या एका बेनेडिक्टाइन संन्याशाच्या ग्रंथात नाव घेऊन केलेला आढळतो. म्हणजे या दंतकथेच्या जडणघडणीत आपल्याही एका मठवासीयाचा हात आहे.

शुभवर्तमानातले भोजन आणि कोसोव्होचे भोजन यांत एक सूक्ष्म पण निर्णायक भेद आहे. प्रभूने विश्वासघाताचा उच्चार करताच प्रत्येक शिष्य आधी स्वतःविषयी शंका घेतो. तो आपणच तर नव्हे, असे भीतभीत विचारतो. कोसोव्होच्या भोजनात तसे कोणी विचारत नाही. तेथे शंका घ्यायची ती शेजाऱ्याविषयी. लोककवीने वधस्तंभाची कथा घेतली, राजाला ख्रिस्ताची जागा दिली, घातक्याला यूदाची दिली आणि बाराजणांचा तो प्रश्न तेवढा वगळला. पुढल्या सहाशे वर्षांत या गाळलेल्या प्रश्नाची किंमत किती मोठी झाली, हेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

या परंपरेचा कळस म्हणजे 'गोर्स्की वियेनात्स', अर्थात 'पर्वताचा हार', हे नाट्यकाव्य. १८४७ साली व्हिएन्नात ते प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते पेतार न्येगोश (१८१३–१८५१) हे मॉन्टेनेग्रोचे राजे, आणि त्याच वेळी तेथील ऑर्थोडॉक्स बिशपही होते. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथील काही डोंगरी कुळे इस्लाम धर्मात गेली होती. बिशप दानिलो आणि कुळांचे म्होरके त्यांच्यापुढे निवड ठेवतात: स्नानसंस्कार किंवा मरण. काव्याच्या शेवटी नाताळच्या पर्वात त्या धर्मांतरितांची कत्तल होते. अशी कत्तल खरोखर झाली का, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. काव्यापुरती मात्र ती झालेली आहे.

हे काव्य सामान्य आहे असे म्हणता आले असते तर आमचे काम सोपे झाले असते. तसे म्हणता येत नाही. बिशप दानिलोची तळमळ खरी आहे. आपल्याच भाषेच्या, आपल्याच रक्ताच्या माणसांवर शस्त्र धरायचे या विचाराने तो एकाकी होतो, बोलेनासा होतो. त्याचे सरदार त्याच्या या कचरण्याला वैतागतात. व्हेनिसहून परतलेला एक सरदार तेथील हेर, तुरुंग आणि नाटकगृहे यांचे जे वर्णन करतो ते चांगलेच हसवणारे आहे. बॅत्रिच नावाच्या मारल्या गेलेल्या तरुणाची बहीण विलाप करीत येते व अखेर स्वतःचा जीव घेते, तो भाग वाचताना डोळे कोरडे राहत नाहीत. इतकेच नव्हे, तर प्रतिपक्षाच्या काझीच्या मुखी कवीने इस्तंबूलच्या वैभवाचे एक सुंदर स्तवन घातले आहे. समझोत्याची वाटही काव्यात क्षणभर उघडते: धर्मपित्याचे नाते जोडून वैर मिटवावे, अशी सूचना मुसलमानांकडून येते. आपल्या धर्मग्रामांतही दोन घरांमधला अबोला एखाद्या बाळाच्या स्नानसंस्कारातून संपलेला आम्ही पाहिला आहे, म्हणून या स्थळी आम्ही पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसलो. काव्यातील ख्रिस्ती मंडळी ती सूचना झिडकारतात. स्नानसंस्काराशिवाय धर्मपिता कसला, असे उत्तर देतात. तर्क बिनतोड आहे, आणि त्याचा शेवट कत्तलीत होतो.

कत्तल कवीने रंगमंचावर आणलेली नाही. तिचे वृत्त येते. रक्ताने माखलेले वीर मठात परततात आणि अंध, वृद्ध मठाधिपती स्तेफान आनंदाने त्यांचे स्वागत करतो. त्यानंतर ते वीर पापनिवेदन न करताच पवित्र प्रसाद घेतात. मठाधिपती त्यांना तशी मुभा देतो.

या जागी रसिक आणि धर्मगुरू ही आमच्यातली दोन माणसे वेगळी राहू शकली नाहीत. माणूस मारून आलेल्याने आधी प्रायश्चित्त घ्यावे आणि मगच वेदीजवळ यावे, ही पूर्वेकडील व पश्चिमेकडील दोन्ही मंडळींची जुनी शिस्त. न्याय्य युद्धातून परतलेल्या शिपायानेही काही काळ प्रसादापासून दूर राहावे, असा सल्ला चौथ्या शतकात संत बेसिल यांनी दिला होता. आणि ते तर पूर्वेकडील मंडळीचे थोर पिते. न्येगोश बिशप होते. त्यांना हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तेव्हा हा तपशील अनवधानाने आलेला नाही. येथे कवी हेच सांगतो की, या हत्येत पाप नाही. किंबहुना ही हत्या हीच शुद्धी आहे. आणि येथेच, आमच्या मते, काव्य म्हणूनही ही कृती ढासळते. जवळजवळ संपूर्ण काव्यभर ज्या दानिलोच्या अंतःकरणातील द्वंद्वाने आपल्याला धरून ठेवले, त्या द्वंद्वाला उत्तर न देता ते पुसून टाकले जाते. शोकान्तिकेचा नायक शेवटी विजयोत्सवात हरवतो. शेक्सपिअरने मॅकबेथचे हात असे सहजासहजी धुऊ दिले नसते.

१८४७ सालच्या कवीला १९९२ च्या कत्तलींसाठी जबाबदार धरणे हा अन्याय होईल, याची आम्हांस जाणीव आहे. हे काव्य कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केले आणि त्यांतील बहुतेकांनी कोणाच्याही केसाला धक्का लावला नाही. राष्ट्रीय काव्य हे घरातल्या जुन्या तलवारीसारखे असते. ती भिंतीवर टांगलेली असते तोवर पाहुण्यांना कौतुकाने दाखवावी. तिला धार लावण्याचे काम १९८० नंतरच्या दशकात झाले.

त्या दशकाची हकीकत थोडक्यात सांगतो. मार्शल टिटो १९८० मध्ये वारले. देश कर्जात बुडाला, महागाई भडकली. कोसोव्हो प्रांतात आल्बेनियनांची संख्या तीन-चतुर्थांशांहून अधिक होती; तेथील अल्पसंख्य सर्बांना काही खऱ्या तक्रारी होत्या आणि पुष्कळ जण प्रांत सोडून जात होते. १९८६ च्या सप्टेंबरात सर्बियन विज्ञान व कला अकादमीच्या एका निवेदनाचा मसुदा वृत्तपत्रात फुटला. कोसोव्होतील सर्बांचा वंशविच्छेद चालू आहे, असे त्यात म्हटले होते. वंशविच्छेद हा शब्द कोणत्या प्रसंगी वापरावा हे विद्वानांच्या अकादमीला कळू नये, ही शोचनीय गोष्ट आहे. तक्रार खरी असली म्हणजे तिचे नाव खोटे ठेवण्याचा परवाना मिळत नाही. एप्रिल १९८७ मध्ये स्लोबोदान मिलोशेविच हा तोवर फारसा कोणाच्या लक्षात न आलेला कम्युनिस्ट पुढारी कोसोव्होत गेला, आता तुम्हांला कोणी मारू धजणार नाही असे तेथील सर्बांना म्हणाला आणि एका रात्रीत राष्ट्रपुरुष झाला.

मग लाझारच्या अस्थी बाहेर काढण्यात आल्या. ऑर्थोडॉक्स मंडळी त्याला संत मानते. सहाशेव्या स्मृतिवर्षाच्या निमित्ताने त्या अस्थींची मिरवणूक सर्बिया व बोस्नियातील मठामठांतून निघाली. २८ जून १९८९ रोजी, ज्या मैदानावर राजाने स्वर्गीय राज्य निवडले असे गीत सांगते त्याच मैदानावर, लाखोंच्या जमावापुढे मिलोशेविचने पृथ्वीवरच्या राज्याविषयी भाषण केले. सशस्त्र लढायांची शक्यता नाकारता येत नाही, असेही तो म्हणाला. गीताचा अर्थ याहून अधिक उलटा करता आला नसता, पण तेथे जमलेल्या धर्माधिकाऱ्यांपैकी कोणी ही विसंगती दाखवून दिल्याचे आमच्या वाचनात नाही. त्याच मार्च महिन्यात कोसोव्होची स्वायत्तता संपवण्यात आली होती. पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे: १९९१ मध्ये वुकोवार, १९९२ ते १९९५ बोस्निया, १९९८-९९ मध्ये कोसोव्हो. एकट्या बोस्नियात सुमारे एक लाख माणसे मेली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा जिंकल्यावर जनरल रात्को म्लादिचने चित्रफितीपुढे जाहीर केले की, आता तुर्कांवर सूड उगवण्याची वेळ आली आहे. त्यानंतर काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे ठार करण्यात आले. त्यांतला एकही तुर्क नव्हता. ते बोस्नियन मुसलमान होते आणि त्यांची भाषा मारणाऱ्यांचीच होती.

सारायेव्होच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळे डागले गेले व ते जळाले. शेक्सपिअरचा प्राध्यापक तेव्हा डोंगरावरल्या पक्षाकडे होता. जानेवारी १९९७ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या मनात काय होते हे ईश्वर जाणे. आम्ही त्याविषयी काही लिहू इच्छीत नाही. काराजिच मात्र खोटे नाव व लांब दाढी धारण करून निसर्गोपचार करीत राहिला; २००८ मध्ये बेलग्रेडमध्ये पकडला गेला आणि २०१९ मध्ये त्याची शिक्षा जन्मठेपेची झाली. वुक काराजिचच्या घराण्याशी तो आपले नाते सांगत असे. त्या जुन्या काराजिचने आपल्या संग्रहात 'हसनअगाची पत्नी' हे गीत आवर्जून घेतले होते. नवऱ्याने टाकलेल्या आणि मुलांच्या ताटातुटीने प्राण सोडणाऱ्या एका मुसलमान स्त्रीचे ते गीत आहे. गटे यांनी त्याचा जर्मन अनुवाद केला आणि युरोपला या भाषेतील लोककाव्याची गोडी प्रथम लागली ती त्याच गीतामुळे. वारसा सांगणाऱ्याने वारशाची सगळी कपाटे उघडून पाहावीत.

इवो आंद्रिच यांच्या 'द्रिना नदीवरचा पूल' (१९४५) या कादंबरीचेही असेच झाले. तीत तुर्की अंमलाखाली एका शेतकऱ्याला सुळावर देण्याचे भयंकर वर्णन आहे, आणि अनेकांनी तेवढेच लक्षात ठेवले. वास्तविक कादंबरीच्या अखेरीस लेखकाने आपली सारी माया ज्याच्यावर उधळली आहे तो अलिहोजा हा मुसलमान दुकानदार आहे. पूल सुरुंगाने उडतो आणि तोही चढावर कोसळतो. १९९२ मध्ये विशेग्रादच्या त्याच पुलावर मुसलमानांना आणून मारण्यात आले व त्यांची प्रेते द्रिनेत टाकण्यात आली. आंद्रिच यांचा जन्म कॅथलिक घरातला, हे जाता जाता नमूद करतो.

सगळेच लेखक या वाटेने गेले असे नाही. दानिलो किश यांचे वडील आउशवित्झला नेले गेले ते परतले नाहीत. राष्ट्रवाद हा एक भ्रमाचा रोग आहे आणि राष्ट्रवादी मनुष्याला स्वतःविषयी प्रश्नच पडत नाहीत, या आशयाचे विवेचन किश यांनी १९७८ मध्येच केले होते. बोग्दान बोग्दानोविच हे वास्तुशिल्पी व बेलग्रेडचे एके काळचे महापौर. त्यांनी मिलोशेविचला उघड विरोध केला आणि १९९३ मध्ये त्यांना व्हिएन्नात आश्रय घ्यावा लागला. हे दोघे शिष्यांचा तो प्रश्न विसरले नव्हते. द्राश्कोविच यांच्याविषयीही न्यायाने सांगावयास हवे. त्यांच्या 'सुरी' (१९८२) या कादंबरीत नाताळच्या दिवशी मुसलमान शेजाऱ्यांनी केलेले सर्ब कुटुंबाचे हत्याकांड आहे व तिने अनेकांची माथी भडकवली. पण पुढे युद्धाचा भेसूर चेहरा दिसल्यावर ते त्याच्या विरोधात उभे राहिले.

हे सर्व लिहिताना आमच्या मनात एक प्रश्न सतत होता आणि वाचकांच्याही मनात तो आला असेल: कॅथलिक धर्मगुरूने ऑर्थोडॉक्स काव्याचा न्याय करायला बसावे काय? बोग्दानोविच यांचेच नाव येथे पुन्हा घ्यावे लागते. त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे यासेनोवात्स येथील काँक्रीटचे प्रचंड फूल. यासेनोवात्स हा १९४१ ते १९४५ या काळातला छळछावणीचा परिसर. हिटलरच्या आश्रयाने क्रोएशियात आलेली उस्ताशांची राजवट स्वतःला कॅथलिक म्हणवीत होती. तिने तेथे सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना मारले; अभ्यासकांच्या अंदाजानुसार ऐंशी हजार ते एक लाख. छावणीच्या प्रमुखांपैकी एक जण फ्रान्सिस्कन संन्यासी होता. संघाने त्याला काढून टाकले, हे खरे. पण तो आमच्याच सेमिनऱ्यांसारख्या एका सेमिनरीतून आला होता, हेही खरे. आपल्याकडचे भाविक ज्या मेजुगोरियेच्या यात्रेला भक्तिभावाने जातात, तेथून काही किलोमीटरवर शुर्मान्सी हे गाव आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये प्रेबिलोव्त्सी गावच्या सुमारे सहाशे सर्ब स्त्रिया व मुले तेथील दरीवजा विवरात जिवंत ढकलण्यात आली. १९९१ मध्ये त्यांच्या अस्थी वर काढून पुरण्यात आल्या आणि पुढच्याच वर्षी क्रोएशियन सैनिकांनी ते स्मारक उद्ध्वस्त केले. मिलोशेविचच्या प्रचारकांना खोट्या कथा रचाव्या लागल्या, पण सगळ्याच रचाव्या लागल्या नाहीत. काही खऱ्या कथा आम्ही त्यांच्या हाती दिल्या होत्या, आणि त्यांविषयी मौन पाळून त्या अधिक धारदार केल्या होत्या. १९९० मध्ये क्रोएशियाचे अध्यक्ष झालेले फ्रान्यो तुजमान हे इतिहासकार यासेनोवात्सचे आकडे कमी करून सांगत, तेव्हा सर्ब खेड्यांतून त्याचा काय अर्थ लावला गेला असेल हे सांगायला नको.

ते युद्ध चालू असताना आम्ही सेमिनरीत होतो. जानेवारी १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी बोस्नियाच्या शांतीसाठी असिसी येथे प्रार्थना बोलावली होती आणि त्या प्रार्थनेस मुसलमानही आले होते. आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतही बोस्नियाचे नाव घेतले जाई. आम्हां विद्यार्थ्यांपैकी ज्याची पाळी असे तो विनंती लिहून काढी. आमची पाळी आली तेव्हा आम्ही 'बोस्नियातील आमच्या कॅथलिक बांधवांसाठी' असे लिहिले. वेढ्यातल्या सारायेव्होत त्या वेळी उपासमारीने व गोळ्यांनी मरणाऱ्यांत सर्वाधिक संख्या कोणाची होती, हे आम्ही वृत्तपत्रात रोज वाचत होतो. तरीही तसेच लिहिले. कोणी ते खोडले नाही, आणि आम्हांलाही त्यात काही उणे वाटले नाही.

२२ जून २००३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे थकल्या शरीराने बान्या लुकाला गेले. मिस्साबलिदानासाठी जागा निवडण्यात आली ती पेत्रिचेवात्सच्या फ्रान्सिस्कन मठाजवळची. यासेनोवात्सच्या छावणीवर पुढे प्रमुख झालेला तो संन्यासी याच मठातला. आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये जवळच्या द्राकुलिच गावात दोन हजारांवर सर्बांची कत्तल झाली, तीत त्याचा हात असल्याचे सांगितले जाते. १९९५ मध्ये, सूड म्हणून, मठाचे मंदिर स्फोटकांनी पाडण्यात आले होते. त्या जागी उभे राहून पोपमहाशयांनी कॅथलिक मंडळीच्या लेकरांनीही मानवतेविरुद्ध केलेल्या पापांसाठी परमेश्वरापाशी दया मागितली. ही प्रार्थना त्यांनी मिस्सातील प्रवचनात केली; म्हणजे ती प्रसादवाटपापूर्वी झाली.